पेशकाराला दिलेला मेमो

कुत्र्याला रीतसर नोकरीवर घेणारा माणूस अख्ख्या आदिलाबादेत एकच, आणि मी, एक शाळामास्तर, त्याचाच भाडेकरू. तहसील कचेरी सोडून बारा वर्षं झाली, तरी आमचे घरमालक उशिरा आलेल्या दूधवाल्याकडूनसुद्धा लेखी खुलासा मागतात. साखरेचा आजार जुना. इन्सुलिन घेतल्यावर कधी कधी साखर एकदम उतरते आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही. एकदा स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडले, तेव्हा हैदराबादच्या मुलीने निक्षून सांगितलं, आता एकटं राहायचं नाही, आमच्याकडे या. हे म्हणजे त्यांना काळं पाणीच. शेवटी मुलीनेच कुत्र्यांचा एक प्रशिक्षक गाठला आणि तलमडुगुच्या एका शेतावरच्या गावठी पिल्लाची नेमणूक झाली. हुद्दा पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारा.

साखर उतरली की अंगावरचा घाम कापसाने टिपायचा, बोळा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि पेशकाराने तो वास ओळखला की त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, असं शिक्षण. प्रत्येक डबीवर तारीख, वेळ आणि सही. मी एकदा तिथे बर्फ शोधायला गेलो, तेव्हापासून त्यांच्याकडे सरबत घेत नाही. पण पेशकार तयार झाला. वास आला की गुडघ्यावर पंजा ठेवायचा. साहेब त्याला घेऊन गुडीहत्नूरच्या लग्नालासुद्धा एकटे जाऊन आले.

एका दुपारी भुंकण्याने घर दणाणलं म्हणून मी खाली धावलो. साहेब रागाने लाल होऊन मेमो लिहीत होते आणि पेशकार त्यांचा सदरा ओढत होता. "यानं दोनदा पंजा मारला, मी रागावलो, तरी हा काऊन भुंकून राह्यला? लेखी विचारतो मी," ते म्हणाले. मी कागद पाहिला. पहिली ओळ मोत्यासारखी, दुसरी उतरणीला लागलेली, तिसरीत नुसत्या रेघा. कपाळ घामाने डबडबलेलं. साखरेचं पाणी मी जवळजवळ दटावूनच पाजलं. अर्ध्या तासाने त्यांनी मेमो फाडला, दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि पेशकाराला उभं राहून वाचून दाखवलं. मुलीने हे फोनवर ऐकलं आणि हैदराबादचा विषय पुन्हा काढला नाही.

पेशकार आता म्हातारा झालाय. परवा पाहिलं तर साहेबांनी स्वतःच बोट टोचून यंत्रावर साखर तपासली, गूळ खाल्ला आणि मग त्याच्या नाकापुढे तळहात धरून बसले. बऱ्याच वेळाने पंजा गुडघ्यावर आला, तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटून अंड्याचा तुकडा दिला. मी काही विचारायच्या आधीच हळू आवाजात म्हणाले, "नाक थकलं त्याचं, सर. दर दोन तासाले मीच तपासून राह्यलो. पन त्याले अजून समजू नाही दिलं."