दगाची घागर

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची बोंब उठली आणि बघता बघता कामगारांची निम्मी लिंबायत वस्ती रिकामी झाली. कापडाच्या लूमवर काम करणारा लोटूही बायको उषाबाई आणि म्हातारा बाप सुकलाल यांना घेऊन खानदेशातल्या आपल्या गावी पोचला. पारावर कोणीतरी दात काढत म्हणालं, "या, या. पयानं ते तुमना घरमाच शे."

पळण्याच्या या टोमण्यावर सगळे हसले. सुकलाल हसला नाही. त्याचा बाप दगा पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात बसऱ्याला गेला, तेव्हा सुकलाल आईच्या पोटात होता. दगा परत आला नाही आणि त्याच्या नावाची तारही आली नाही. चौकशी केली तर सरकार म्हणालं, या नावाचा शिपाईच आमच्याकडे नाही. मग गावाने परस्पर निकाल लावला की गडी पलटणीतून पळाला आणि तिकडेच दुसरा घरोबा करून बसला. दगाच्या बायकोने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, तर लोक त्यावरूनही बोलले. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

त्यात आखाजीचा पेच. खानदेशात अक्षय्यतृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढतात आणि त्याचं नाव घेतात. ज्याच्या मरणाचाच पत्ता नाही, त्याची घागर भरायची कशी? सुकलाल ऐंशीला टेकला होता. प्लेग ओसरल्यावर सुरतेला परतताना तो गाडीत एवढंच म्हणाला, "मना बाप पयना नही. मी मराना आगोदर त्यानी घागर भरानी शे."

लोटू सातवीपर्यंतच शिकलेला, पण हट्टाला पक्का. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत अर्ज करवून तो सैनिकांच्या कचेरीला धाडत राहिला. सुटी मिळाली की तालुक्याला जाऊन गावच्या जुन्या शिरगणतीचे कागद धुंडाळू लागला. युद्धाआधीच्या शिरगणतीत दगा सापडला, शेजारच्या घरात त्याचा दोस्त बन्सीलालही सापडला. युद्धानंतरच्या कागदात दगाच्या घरात फक्त एक बाई आणि एक मूल. ते मूल आता सुरतेत खाटेवर बसून पोस्टमनची वाट बघत होतं.

शेवटी एकदाचं पलटणीच्या दप्तराचं उत्तर आलं. तुमच्या गावचा दगा नावाचा शिपाई नोंदीत नाही. त्या गावचा एकच माणूस बसऱ्याजवळ मारला गेला, बन्सीलाल पंडित.

"बन्सीलालकाका?" सुकलालने कपाळाला हात लावला. "तो ते मना लगीनमा लाडू खाई गया."

खरंच होतं. बन्सीलाल चांगला म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून आपल्या अंथरुणात मेला होता. सरकारचं डोकं फिरलंय म्हणून तो कागद डब्यात गेला आणि सुकलालने जेवण सोडल्यासारखंच केलं.

आता लूमच्या कारखान्यात चाल अशी की कारागीर गावी गेला की आपल्या जागी बदली माणूस उभा करतो. हजेरीवर नाव मात्र त्याचंच चालू राहतं. शेठला सांगून कशाला काम वाढवा? त्या आठवड्यात लोटू मेहुण्याच्या, चेतनच्या जागी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात राबत होता. मुकादमाने "चेतन" म्हणून पुकारलं. लोटूने सवयीने "हाजर" म्हटलं आणि तो जागच्या जागी थिजला. आज आपण या मशीनमध्ये सापडून मेलो, तर कागदावर चेतन मरेल.

पाळी सुटताच त्याने घरून कागद घेतला आणि टायपिस्टला गाठलं. "सगळं वाच. शेवटपर्यंत." मागच्या खेपेला दोघेही नावाशीच थांबले होते. खाली भरतीच्या वेळी लिहिलेली अंगावरची खूण होती: उजवी नाकपुडी टोचलेली.

लोटूला भर रस्त्यात रडू फुटलं. दगाच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईबापांनी त्याचं नाक टोचलं आणि नजर लागू नये म्हणून दगडाचं नाव ठेवलं, दगा. ही गोष्ट सुकलाल आईच्या मांडीवर ऐकत वाढला होता. बन्सीलालच्या नाकाला तर भोक नव्हतं.

शहाण्णवच्या आखाजीला तिघं गावी गेले. लोटूने पारावर कागद उलगडला आणि अर्थ सांगितला. या वेळी कोणी दात काढले नाहीत. तेवढ्यात बन्सीलालची म्हातारी लेक, मालतीबाई, कमरेवर भरलेली घागर घेऊन आली.

"बाबा दर आखाजीले एक घागर जास्तीनी भरे," ती सुकलालला म्हणाली. "कोनी शे इचारं ते सांगे नही. त्यासना माघारे मी भरस. बसराना सालले बाबाले हळद लागेल व्हती, भाऊ. आते समजनं, त्यासना जागावर कोन गया."

बन्सीलालने आयुष्यभर तोंड का उघडलं नाही, हे आता कोणाला विचारणार? आधी सरकारचं भय असेल, मग दगाच्या बायकोच्या कुंकवाचं. सुकलालला त्याचा राग आला नाही. आपल्या बापाला इतकी वर्षं कोणीतरी पाणी पाजत होतं, एवढ्यानेच त्याचा ऊर भरून आला.

मालतीबाईने ती घागर आपल्या हाताने सुकलालच्या दारात ठेवली. त्याने कुंकवात बोट बुडवलं, उंबरठ्यावर ओढलं आणि पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बापाला पुकारलं, "दगा!"

मागे उभ्या असलेल्या लोटूने आजाच्या बदली म्हटलं, "हाजर."