झुळूकच्या कुर्त्या आणि नीलाताईंचे शेअर

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत नीला कापगतेचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. तिथं दोन वेळा काटेकोर पाळल्या जायच्या. सकाळी सव्वानऊला शटर वर जाई, कारण तेव्हा शेअर बाजार उघडतो. दुपारी साडेतीनला चहा येई, कारण तेव्हा तो बंद होतो. मधल्या सव्वासहा तासांत नीलाताईंचा एक डोळा सुईवर असे आणि दुसरा मशीनच्या फळीवर टेकवलेल्या मोबाइलवर.

हे खूळ घरात आणलं तिच्या धाकट्या भावानं. प्रफुल नागपूरला नोकरीला. दर भाऊबीजेला तो साडी आणायचा. गेल्या वर्षी रिकाम्या हातानं आला, ओवाळून झाल्यावर बहिणीचाच मोबाइल मागून घेतला, तासभर खटाखट बोटं चालवली आणि म्हणाला, "बाई, दरसाल कपडेच देऊन राह्यलो. यंदा कपड्याची कंपनीच घे." कंपनीचं नाव झुळूक फॅशन्स. कुर्त्या, पलाझो, पोरींचे टॉप. त्यातले दहा शेअर नीलाच्या नावावर झाले होते. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भाव पाहिला आणि संपलंच.

झुळूकच्या भावाला स्थिर बसणं माहीतच नव्हतं. सोमवारी पाच टक्के वर, मंगळवारी चार खाली, बुधवारी सकाळी वर, जेवणाच्या वेळेला खाली आणि साडेतीनला जिथल्या तिथं. सिमेंटच्या कंपन्या म्हणे बैलगाडीच्या चालीनं चालतात. फॅशनवाल्यांचं तसं नाही. एखाद्या नटीनं कुर्ती घातली की भाव वर, लग्नाचे मुहूर्त कमी निघाले की खाली, आणि काहीच घडलं नाही तरी दोन टक्के इकडचे तिकडे व्हायचेच. नीलाचा जीव त्याच्याबरोबर वरखाली व्हायचा.

तिचा नवरा भैयालाल तलावाखालच्या बांध्यांत धान पिकवतो. दुपारी घरी जाताना तो दुकानात टेकायचा.

"काऊन वं, आज वर हाये का खाली?"

"दम घेऊन राह्यली."

"म्हंजे खालीच हाये. तुही टिप वाकडी जाऊन राह्यली."

माणूस खोटं बोलत नव्हता. ज्या दिवशी झुळूक सहा टक्के पडली, त्या दिवशी नीलानं नंदाबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. नंदाबाईंनी ब्लाउज घालून पाहिला, एक हात वर केला आणि दुसरा काही केल्या वर जाईना. वीस वर्षांच्या कारागिरीत असं कधी झालं नव्हतं.

पण नीला नुसती भाव बघत बसणारी बाई नाही. तिनं आपला स्वतःचा अंदाज बसवला होता. गावातल्या, आसपासच्या बाया-पोरी झुळूकच्या कुर्त्या पार्सलनं मागवत आणि फिटिंगसाठी तिच्याकडे आणत. त्यांच्यासाठी तिनं भिंतीवर वेगळी खुंटी ठोकली. खुंटी भरली की कंपनी जोरात, मग आणखी दोन शेअर घ्यायचे. आणि काय सांगावं, सात-आठ महिने तिचा अंदाज खरा निघाला. शेअरचा जाणता म्हणवणारा प्रफुलही फोन करून विचारायला लागला, "बाई, खुंटी काय म्हणते?"

त्याच भरात तिनं भरतकामाच्या मशीनचे पैसे झुळूकमध्ये घातले. या मशीनची आस तिला अकरा वर्षांची. लग्नाचे भरजरी ब्लाउज गावातून गोंदियाला जात, आणि उत्तम हात असून तिच्या वाट्याला अस्तर नि हूक येत. याचं तिला फार वाईट वाटे. गोंदियाच्या दुकानदारानं मशीन शनिवारपर्यंत राखून ठेवलं होतं. झुळूकचा तिमाही निकाल गुरुवारी संध्याकाळी लागणार, शुक्रवारी भाव उसळणार, म्हणजे मशीनवर मोटरही येणार, असा बाईंचा बेत. खुंटी तर वाकायला आली होती.

गुरुवारी दुपारी शाळेतल्या रचना मॅडम आल्या. हातात झुळूकची नवी कुर्ती.

"नीलाताई, हिचाही मुंढा काखेत काचून राह्यला. थोडा सोडून द्या ना."

"देतो ना," नीला टीप उसवायला बसली. "मस्त चालून राह्यली बापा ही कंपनी."

"कायची मस्त? माही बहीण रायपूरले हाये, तिनं चारही वापस केल्या. तिच्या कॉलनीतल्या साऱ्या बाया वापस करून राह्यल्या. मीबी केल्या असत्या. पन अठी गावात तुमी हायेत. चाळीस रुपयांत अंगाले बसते, मंग कायले वापस करू?"

नीलाचा हात थांबला. तिनं खुंटीकडे पाहिलं. उठून एकेक कुर्ती उलटी केली. सगळ्यांचा मुंढा, म्हणजे काखेतला घेर, एक इंच कमी. यातला प्रत्येक मुंढा तिनं स्वतः उसवला होता, किंवा ती उसवणार होती. कापणी चुकली आहे हे नवशिक्या टेलरनंही सांगितलं असतं. पण शेअर घेतल्यापासून ती कपड्याकडे टेलरच्या नजरेनं बघतच नव्हती. गावोगावच्या कुर्त्या परत जात होत्या. अर्जुनीत तेवढ्या राहत होत्या, त्या तिच्यामुळे. कंपनीच्या नावावर ती वर्षभर आपल्याच हातावर पैसे लावत आली होती.

तीनला दहा कमी होते. भाव तीन टक्के वर. तिनं प्रफुलला फोन लावला.

"बाई, थांब. उद्या दहा टक्के वर जाते."

"तू कदी मुंढा उसवला का?" एवढं विचारून तिनं फोन ठेवला आणि सगळे शेअर विकून टाकले, भाऊबीजेचे दहासुद्धा.

संध्याकाळी निकाल लागला. विक्रीचे आकडे गलेलठ्ठ होते, आणि शुक्रवारी सकाळी झुळूक सात टक्के उसळली. भैयालाल म्हणाला, "पाह्य, मोटरीचे पैसे गेले." नीलाला रडू आलं. मशीनवर डोकं टेकवून ती खरंच रडली. दुपारी कुणीतरी निकालाच्या आतल्या पानावरचा परत आलेल्या मालाचा ढीग वाचला, आणि साडेतीनपर्यंत भाव अकरा टक्के खाली. सोमवारी, मंगळवारी विकणारे हजार आणि घेणारा एक नाही. भैयालालनं त्या दोन्ही दिवशी चहा स्वतः आणून दिला.

मशीन शनिवारीच आलं होतं. मोटरीपुरते पैसे पुरले नाहीत, म्हणून पायानं चालवायचं. रविवारी नीलानं त्यावर पहिला मोर काढला. जरा जाडा झाला, पण मोरच.

मग प्रफुलचा फोन आला. आवाज बराच नरम होता. "बाई, तीन कंपन्या पाहून ठेवल्या. कोणती घेऊ?"

"तिघींची एकेक कुर्ती पाठव. उसवून पाह्यतो, मंग सांगतो."

आठवड्याभरात पार्सल आलं. नीलानं तिन्ही कुर्त्या उलट्या करून टिपा पाहिल्या, दोन बाजूला टाकल्या आणि तिसरीचा मुंढा मोजायला टेप उचलली.