पारव्यांची हवा

अकोल्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. माझा आवाज शेजारच्या वर्गातल्या पोरांनाही गप्प करायचा, आणि फळ्यावरचं अक्षर असं की पुसताना पोरं कचरायची. हे दोन्ही गेलं ते एका सकाळी. दर्यापूरजवळ बायकोच्या माहेरी चहा घेत होतो. कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला. लकवा, सगळे एकदम म्हणाले.

आमच्याकडे लकवा म्हटलं की लोकांना दवाखान्याआधी एखादं गाव आठवतं. तिथं औषध मिळतं, पारव्याच्या पंखांची हवा घेतली की अंग मोकळं होतं. बायकोचे वडील त्याच औषधानं उठून बसले होते, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. जीप दारात उभी राहिली. मला ओरडून सांगायचं होतं, अमरावतीला चला. तोंडातून नुसती लाळ आली. जीप त्या गावाकडे वळली.

तिथलं औषध, पारव्यांची हवा, सगळं घेऊनही हात हलेना, आणि मग अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. डॉक्टरनं तिला बाजूला घेतलं, पण ती बाजू माझ्या स्ट्रेचरला लागूनच होती. "सकाळीच आणलं असतं तर हात वाचवता आला असता," तो म्हणाला. तिनं पदर तोंडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं, मला कळलं का ते बघायला. मी नजर छताला लावली.

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलेलो होतो, चांगलाच चिडलेलो होतो. पण चिडायलाही तोंड लागतं. तिनं खाटेजवळ पिंजऱ्यात पारव्यांची जोडी आणून ठेवली, तेव्हा तर तो पिंजरा भिरकावून द्यावासा वाटला. विज्ञानाच्या मास्तरच्या उशाशी पारवे! व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईसुद्धा हसू दाबायच्या.

युक्ती मात्र त्याच बाईंनी काढली. ज्वारीचे दाणे उजव्या हातानं उचलून पारव्यांना टाकायचे, आणि टाकताना त्यांना हाक मारायची. सुरुवातीला सगळे दाणे माझ्याच मांडीवर. पारवे मान वाकडी करून वाट पाहायचे. सकाळी डोळे उघडले की आता उठून काय करायचं, हा प्रश्न मला छळायचा. त्याला निदान एवढं उत्तर मिळालं. आधी 'आ' आलं, मग 'या' आलं. एक दिवस बायकोनं चहा दिला आणि मी घोट घेऊन म्हणालो, "साखर." ती तिथंच खाली बसली आणि रडली.

आता मी अडखळत का होईना, बोलतो. हात फळ्यापर्यंत गेला नाही, जाणारही नाही, आणि त्याचं वाईट वाटायचं काही थांबत नाही. भेटायला कुणी आलं की मी सांगतो, "पारव्यानं बरं केलं मले." जन्मभर पोरांना जे शिकवलं त्यावर बोळा फिरवतो. तिला बरं वाटावं, एवढाच हेतू.

परवा असेच पाहुणे येऊन गेले. ती कप गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काहून खोटं सांगता लोकाईले?"

"खोटं?"

"डाक्टर काय बोल्ला थे मीनं बी आयकलं, तुमी बी आयकलं. तुमचे डोये उघडे होते." मग जरा थांबून म्हणाली, "एकदा मले रागवून घ्या ना. मी कवाची वाट पाहून राहिली."

रागवायला लागतील तेवढे शब्द आता माझ्याकडे आहेत. राग तेवढा राहिलेला नाही. पारव्यांना दाणे टाकता टाकता तो कधी सरला, ते माझं मलाच कळलं नाही. मी तिला तसं सांगितलं, एकेक शब्द जुळवत. तेवढ्यानंच मला धाप लागली.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे बी तसंच खोटं," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.