सरकी चावणारी दाढ

कट्ट असा आवाज आला तेव्हा मी पाठमोरा होतो. कपाटातून दाताचं सिमेंट काढत होतो. वळलो, तर रफीकभाईंच्या तळहातावर पोर्सेलेनचे दोन तुकडे.

"डाक्टरसाहेब, मी तं फक्त सरकी लावून पाह्यली."

रफीकभाई मूर्तिजापूरच्या एका जिनिंग कारखान्यात ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा आणि त्यातली सरकी उजव्या दाढेखाली धरायची. कट्ट तुटली तर माल कोरडा, दबली तर ओला. यंदा तीच दाढ फुटली. ते डावीकडून चावू लागले आणि एक ओली गाडी पास झाली. मालकांनी ओलावा मोजायचं मशीन आणलं. तुकडे झाले त्या दिवसापासून दहा दिवसांनी दहा गाड्या तपासायच्या होत्या. रफीकभाईंचं सांगणं मशीनशी जुळलं तर ग्रेडर, नाही तर गोदामावर पहारा.

मी इनले सुचवला होता. दाढेत जेवढी पोकळी, तेवढ्याच मापाचा पोर्सेलेनचा तुकडा लॅबमधून करून आणायचा आणि आत चिकटवायचा. चिकटल्यावर तो दाढेचाच भाग होतो. त्याआधी मात्र चहाच्या कपाइतका नाजूक. म्हणून नुसता बसवून पाहताना चावायचं नसतं. हे मी त्यांना सांगितलं होतं. पण सरकी त्यांच्या खिशातच असते, आणि हात आपोआप जातो.

पूर्वी खुर्चीच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर माझी पत्नी बसायची. पेशंटच्या हनुवटीला दोन बोटं लावून म्हणायची, "आ तसाच राहू द्या." ती जाऊन दीड वर्ष झालं. स्टूल तिथेच आहे.

चूक माझी होती, पाठ फिरवायला नको होती. तसं मी रफीकभाईंना सांगितलं आणि लॅबला फोन केला. माप त्यांच्याकडे होतंच. सातव्या दिवशी नवा इनले जठारपेठेत माझ्या दवाखान्यात आला.

या वेळी सगळं आधीच ट्रेमध्ये मांडलं. रफीकभाईंना खिसे रिकामे करायला लावले. सात सरक्या निघाल्या. मग स्टुलावर मी बसलो, हनुवटीला दोन बोटं लावली. इनले चिकटला. निळ्या कागदावर चावायला लावून, डाग पडला तो उंच भाग घासला.

"आता चावा."

त्यांनी सरकी दाढेखाली धरली. कट्ट.

"आवाज आला, साहेब. आपलाच हाय."

तीन दिवसांनी फोन आला. नऊ गाड्या मशीनशी जुळल्या. दहावी मशीनने कोरडी सांगितली, यांनी ओली. मालक चिडले.

"मी म्हनलं, शेठ, तुमचं मशीन वरवर पाहून राह्यलं. त्याले खाली घाला."

मशीनची सळई तळाशी घातली. खालचा कापूस ओलाच निघाला.

रफीकभाई ग्रेडर राहिले. मशीनही राहिलं, ते आता रफीकभाईच चालवतात.

माझ्या केस पेपरवर बीपी आणि शुगरच्या खाली एक प्रश्न वाढला आहे: खिशात काय आहे? आणि सिमेंट काढायला मी आता उठत नाही. स्टुलावरूनच ट्रेपर्यंत हात पुरतो.