प्रणाली जाधवचं अपील

"ही बाई खोटं बोलतेय," उस्ताद म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

इथे बहारीनमध्ये वकिलाला उस्ताद म्हणतात. राजधानी मनामामधल्या त्यांच्या ऑफिसात मी ट्रान्सलेटर आहे. मूळची वसईची, नवऱ्याच्या जॉबमुळे आले ती इथलीच झाले.

बाईला एक वर्षाची कैद झाली होती. गुन्हा काय, तर डिपोर्ट केल्यावर पुन्हा देशात शिरणं. डिपोर्ट म्हणजे सरकार तुम्हाला विमानात बसवून घरी पाठवतं आणि नाव ब्लॅकलिस्टमध्ये टाकतं. पण एवढी, वर्षाची शिक्षा झाली ती वेगळ्याच कारणाने. तिने ओळख बदलून सरकारला फसवलं, असं कोर्टाचं म्हणणं होतं. अपिलाची मुदत संपत आलेली, आणि उस्तादांना केस घ्यायचीच नव्हती.

"पहिल्या वेळी वैजयंता मारुती शिंदे. आता प्रणाली सुरेश जाधव. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी; बोटांचे ठसे तेच. याला काय म्हणतात?"

"लग्न," मी म्हणाले.

ते बघतच राहिले. "माझी बायको अजून तिच्या बापाचंच नाव लावते. बापाचं नाव कोण सोडतं?"

"आमच्याकडे सोडतात. आम्हा ख्रिश्चनांत आडनावावर भागतं. हिंदूंमध्ये पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावसुद्धा जातं."

"आणि हे मी न्यायाधीशांना सांगू? हसतील मला!"

"हसू देत. तुम्ही अपील टाका, पुरावा मी आणते." मला भयंकर राग आला होता. उस्तादांनी सही केली, पण तोंड वाकडं करूनच.

तुरुंगात तिला भेटले. कोल्हापूरकडची, हडकुळी. आधी सनद नावाच्या भागात एका घरी कामाला होती. मालकिणीशी वाजलं, तशी ही रागाने सलमाबादला मैत्रिणीकडे जाऊन राहिली. मालकिणीने पळून गेल्याची तक्रार केली आणि हिला डिपोर्ट केलं.

"एअरपोर्टवर म्हणले, खलास. मला वाटलं, मिटलं सगळं," ती म्हणाली.

गावी लग्न झालं, नव्या नावाचा पासपोर्ट निघाला, मुलगी झाली. मग एजंटने जुफैरच्या एका हॉटेलात लॉन्ड्रीचं काम मिळवून दिलं. रेसिडेंट आयडी कार्डसाठी बोट टेकवलं आणि स्क्रीनवर वैजयंता उभी राहिली.

"अगं बये, डिपोर्ट झाल्याचं एजंटला सांगायचं नाही का?"

"त्यानं इचारलंच न्हाई." ती रडायला लागली. "पोरगी सासूजवळ हाय, मॅडम. बारकी हाय. वरसानं गेल्यावर वळखंल का मला?"

तिथून निघाले ते ठरवूनच. हिला घरी पाठवल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

लग्नाचा दाखला मागवला. उस्तादांनी तो बाजूला ठेवला. "कागद कुणीही करून आणतो. तिला हे नाव चारचौघांत दिलं, असं काही दाखव."

चारचौघांत म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या नवऱ्याला, सुरेशला, फोन लावला.

"अहो, लग्नात ताटात नाव लिहिलं होतं का?"

"व्हय की मॅडम! व्हिडिओ हाय!"

व्हिडिओ आला. ताटात तांदूळ पसरलेले, सुरेश अंगठीने त्यात नाव लिहितोय, बायकांची ही गर्दी. कुणी आत्या ओरडते, "मोठ्यानं वाच की रं!" तो लाजत वाचतो, "प्रणाली." टाळ्या. शेजारी नवरी मान खाली घालून बसलेली.

उस्तादांनी तो दोनदा पाहिला. "तांदळात? सगळ्यांसमोर?" मग लॅपटॉप काखेत मारून उठले. "यल्ला, चल!"

अपील कोर्टात व्हिडिओ चालला. कुणी हसलं नाही. कोर्टाचा दुभाषी हिंदीवाला. तिची बोली त्याला कळेना, म्हणून मला उभं केलं. तीन न्यायाधीशांपैकी मधल्या म्हाताऱ्यांनी तिला विचारलं, "तुला तुझं पहिलं नाव आवडत नव्हतं का?"

"आवडत हुतं की. आज्जीचं नाव हुतं ते." मग तिने पहिल्यांदाच मान वर केली. "पर मला कुणी इचारलं व्हय?"

मी ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं, एक शब्दही मऊ केला नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

निकाल लागला. फसवणुकीचा आरोप रद्द, भोगली तेवढी कैद पुरे. डिपोर्टेशन मात्र कायम. बहारीनचा दरवाजा तिला बंद झाला. तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

ती घरी पोचल्यावर सुरेशचा फोन आला. पोरगी आईला बघून आजीच्या पदराआड लपली म्हणे. दुसऱ्या दिवशी कुठे मांडीवर आली.

आता आपल्याकडच्या मुली नोकरीसाठी इथे यायचं म्हणून फोन करतात, तेव्हा मी आधी खडसावून विचारते, "पूर्वी डिपोर्ट झाली होतीस का? लग्नाआधीचं नाव काय?" काहीजणींना राग येतो. येऊ दे. ब्लॅकलिस्टला लग्न कळत नाही. आणि कोर्टाने विचारेपर्यंत त्यांना तरी दुसरं कोण विचारणार आहे?