पायलट विझतो कशाने

गिझर बघायला आले की काका आधी त्याच्या पत्र्याला कान लावत. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग त्यालाच विचारत, "बोल बाबा, काय दुखतंय तुझं?" आणि आमच्याकडे वळून म्हणत, "घाबरायचं नाय. मी हाय ना!"

असा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं, दुसरं काय! आमचे काका परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडली तसे खाडीकाठच्या जेसल पार्कात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. इथे बॉयलर नव्हता, मग त्यांनी अख्ख्या बिल्डिंगचे गॅसचे गिझर ताब्यात घेतले. बदल्यात त्यांना एकच हवं असायचं. संध्याकाळी गेटपाशी उभं राहून, कोणाच्या गिझरला काय झालं होतं आणि आपण ते कसं ओळखलं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला साग्रसंगीत सांगायचं. गुजराती शेजाऱ्यांसाठी हिंदीत, "सेठ, एक पिन मारा और चालू!" त्यात कोणाचं बिंग फुटेल याची पर्वा नाही. सेक्रेटरीने पाइप उलटा जोडला होता, ती गोष्ट वर्षभर चालली.

आमचा गिझर सासऱ्यांच्या गिरगावातल्या घरून आलेला, म्हातारा. नव्वदच्या आसपास, माझ्या थोरलीच्या वेळी, ऐन थंडीत त्याने नखरे सुरू केले. माहेरी दवाखाना लांब, म्हणून बाळंतपणाला आईच गावाहून आली होती. आई म्हणजे कडक काम. तेल, शेक, कढत पाणी, आणि वारा नको म्हणजे नको. "खाडीचा वारा हाडांत शिरला की जन्मभर निघत नाही," म्हणायची.

काडी लावून बटण दाबून धरलं की पायलट, म्हणजे गिझरच्या आतली ती करंगळीएवढी निळी ज्योत, छान पेटायची. मी आंघोळीला बसले की थोड्या वेळाने विझायची. काका आले, कान लावला, गॅस येतो त्या जेटचं भोक पिनेने साफ केलं, काडी ओढली. पेटला! छाती काढून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विझला. पुन्हा आले, बर्नर खोलून घासला. पेटला, आणि पुन्हा विझला. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. "यांना काही येत नाही गं, नुसत्या बाता," आई म्हणाली, आणि तेही जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याच सुमारास मला आंघोळीनंतर गरगरायला लागलं. मळमळायचं, डोकं ठणकायचं. एकदा तर बाळ मांडीवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आईने त्याला वरच्यावर झेललं. "ओली बाळंतीण, असं व्हायचंच," सगळ्या बायका म्हणाल्या. मीही मान डोलावली.

तिसऱ्यांदा काका आले ते चिडूनच. "रोज जशी आंघोळ होते ना, अगदी तसंच सगळं करा. आज मी आत बसतो." आईने नाक मुरडलं. काकांनी आत जाऊन दार लावून घेतलं, नळ सोडला. आम्ही बाहेर उभ्या. बऱ्याच वेळाने दार धाडकन उघडलं आणि घामाने निथळत, खोकत काका बाहेर आले. हातात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा होता. वारा येऊ नये म्हणून ती रोज आंघोळीपुरता न्हाणीघराचा वरचा झरोका त्या बोळ्याने गच्च बंद करायची.

"पोरी, आंघोळ झाली की चक्कर येते?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि खालीच बसले. नेहमीचा गडगडाटी आवाज एकदम उतरला. "कोंडलेल्या हवेत गॅस जळला की विष होतं गं. ज्योत पार पिवळी पडली होती. तो बिचारा विझून विझून तेच सांगत होता. अजून थोडे दिवस गेले असते तर..."

आई पांढरीफटक. लेकीला आणि नातीला आपल्याच हातांनी! मला वाटलं, संपलं. दोनदा तोंडावर पडलेला माणूस, त्यात आईने तसं बोललेलं. आता संध्याकाळी गेटवर माझ्या आईचे धिंडवडे निघणार.

काका उठले. लुगड्याची नीट घडी घालून त्यांनी ती आईच्या हातात दिली. "ताई, तुमचं बरोबर हाय. बाळंतिणीला वारा नकोच. पण गिझरला हवा. आधी झरोका उघडा ठेवून बादल्या भरा. मग गिझर बंद करा, दार उघडं टाकून आतली हवा जाऊ द्या. त्यानंतर लावा बोळा नि खुशाल न्हाऊ घाला."

संध्याकाळी मी जीव मुठीत धरून खिडकीत उभी राहिले. कोणीतरी विचारलंच, "काय काका, पेटला का तिसऱ्या मजल्यावरचा?"

"पेटला की! जेटमध्ये कचरा होता. दोनदा माझ्याच ध्यानात नाय आलं. वय झालं आता!"

लोक हसले, काकाही हसले. मला मात्र रडू आवरेना. असा माणूस आपल्या खालच्या मजल्यावर राहतो आणि आपण त्याला बाताड्या समजतो!

थोरली शाळेत जायला लागली होती तेव्हा काका गेले, झोपेतच. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या आठवणीसाठी सगळे जमले तेव्हा, आई मुद्दाम गावाहून आली. घर माणसांनी भरलेलं. एकेक जण उठून काकांच्या गिझरच्या गोष्टी सांगत होता, हसत होता, डोळे पुसत होता. कोणीतरी आमचीही सांगितली, काका दोनदा चुकले होते ती.

तेव्हा आई उभी राहिली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी बाई.

"ते चुकले नव्हते," ती म्हणाली. "कचराबिचरा काही नव्हता. झरोका मी बुजवला होता. माझी लेक नि नात गेली असती हो. या माणसाने दोघींना वाचवलं आणि माझं नाव कुठे घेतलं नाही."

काकू मेणबत्तीपाशी बसल्या होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं.

"मलासुद्धा कचराच सांगितलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि जरा सरकून आईला आपल्या शेजारी जागा करून दिली.