सगळ्या पानांवर बाबा

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी बनवली, आणि अर्थातच फुकटात बनवली. दिवसभर मी साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या वेबसाइटी करते, तेव्हा घरचीच मुलगी आहे, करून देईल, असं मंडळानं परस्पर ठरवून टाकलं. मंडळ म्हणजे त्या काळी बाबाच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

हल्ली वेबसाइटीसाठी कोड लिहीत बसावं लागत नाही. मजकुराचा ब्लॉक, फोटोचा ब्लॉक, बटणाचा ब्लॉक; उचलायचा आणि हवा तिथे ठेवायचा. हे बाबांना कळलं मात्र, माझी शांतता संपली. खुर्ची ओढून ते शेजारी बसायचे आणि माउस माझ्या हातातून काढून घ्यायचे. गणपतीचा फोटो इतका मोठा करायचे, की खालचा कार्यक्रम दिसेनासाच व्हायचा. "गणपती दिसला पाहिजे. कार्यक्रमाचं काय, लोक फोन करून विचारतील," म्हणायचे.

आणि लोक खरोखरच फोन करायचे. आम्ही आजोबांपासूनचे इथले, पण मंडळातले बहुतेक जण बदलीवाले: कुणी फोर्ट विल्यमला लष्करात, कुणी गार्डन रीचला रेल्वेत, कुणी बँकेत. कोलकाता जरा कळायला लागावं, तोवर पुढची बदली. ज्वारीचं पीठ कुठे मिळेल, सत्यनारायणाला मराठी गुरुजी आहेत का, सियालदहच्या बाजारात कधी गेलेलं बरं, हे सगळं त्यांना बाबा सांगायचे. म्हणून मी बाबांचा एक ब्लॉक केला. मफलर गुंडाळलेला त्यांचा फोटो (इथे वारा जरा गार झाला की ते कपाटातून मफलर काढायचे), खाली 'कोलकात्यात नवीन आहात? मला फोन करा' आणि त्यांचा नंबर. हा ब्लॉक सामायिक होता, म्हणजे एकदाच बनवायचा आणि सगळ्या पानांवर लावायचा. मग कुठल्याही एका पानावर त्यात बदल केला, की सगळीकडे तोच बदल होतो. असे बाबा सगळ्या पानांवर जाऊन बसले, अगदी हळदीकुंकवाच्या पानावरसुद्धा.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस झाल्यावर एका सकाळी त्यांचा फोन वाजला आणि आईनं तो उचलला. कुणीतरी नव्यानं आलेली बाई विचारत होती, "काका आहेत का?"

"हे जरा बाहेर गेलेत," आई म्हणाली. "मला सांगा ना, काय हवं होतं?"

मी दारातच उभी होते. मला इतका राग आला, की तिच्या हातून फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण ती बाबांसारखीच, दुकानाच्या खाणाखुणांसकट, पिठाचा पत्ता सांगत होती. त्या दिवशी, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, ती पोटभर जेवली. मग मी तोंड मिटून घेतलं आणि ब्लॉकला हात लावला नाही.

फोन येत राहिले आणि बाबा बाहेर जात राहिले. कधी बाजारात, कधी बँकेत. एकदा तर "झोपलेत हो, उठवू का?" असं ती विचारून बसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग मंडळाला नवे सचिव मिळाले. बँकेतले, बदलून आलेले, भारी उत्साही. त्यांनी संपर्काच्या पानावर बाबांच्या जागी आपला फोटो आणि नंबर घातला. ब्लॉक सामायिक आहे हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! सगळ्याच पानांवरून बाबा गेले. मलाही ते कळलं नाही. कळलं ते आईमुळे. शेंगा मोडतानासुद्धा ती फोन शेजारी घेऊन बसायची, आणि तो वाजत नव्हता. "बिघडलाय का गं?" असं म्हणून तिनं मला माझ्या फोनवरून रिंग द्यायला लावली. वाजला. "मग कुणी करत कसं नाही? बदल्या थांबल्या की काय?"

मी वेबसाइट उघडली आणि पानापानावर सचिवांचा टाय पाहिला. वेबसाइटीच्या एडिटरमध्ये जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते. ती मी परत आणली आणि सचिवांना वेगळा ब्लॉक करून दिला. "अहो ताई, मी एकाच पानावर बदललं होतं," ते कळवळून सांगत होते. मला मात्र घाई होती ती आईचा फोन वाजण्याची.

तो वाजला तेव्हा मी तिच्यासमोरच जेवणाच्या टेबलाशी काम करत होते. गार्डन रीचची मुलगी होती, आवाजावरून नवीन लग्न झालेली. "काका आहेत का?"

"हे जरा..." आईनं नेहमीसारखी सुरुवात केली. मग म्हणाली, "नाही गं. ते वारले."

मुलगी गडबडली, माफी मागून फोन ठेवायला लागली. "अगं थांब, पीठ हवंय ना तुला?" म्हणत आईनं तिला दुकान सांगितलं, बस सांगितली, रविवारी जेवायला ये म्हणाली. मग तिनं फोन टेबलावर ठेवला.

"मधे हा वाजायचा बंद झाला ना, तेव्हा कळलं मला," ती म्हणाली. "तोवर वाटायचं, आहेत कुठेतरी. येतील." मग माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "काढ तो फोटो."

"फोटो काढते, नंबर राहू दे? तुझं नाव घालते."

"नको. सगळंच काढ."

मी बाबांचा ब्लॉक उघडला आणि 'काढून टाका' निवडलं. पडद्यावर प्रश्न आला: हा ब्लॉक सगळ्या पानांवरून कायमचा जाईल, नक्की काढायचा? माझं बोट हलेना. आईनं चष्मा लावला, खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली, प्रश्न वाचला.

"हो म्हण," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा आई रडली नव्हती, ती तेव्हा रडली.